लहान जिम्नॅस्टची निवड आणि जडणघडण: गोव्यातील पालक व क्रीडाशिक्षकांसाठी

गोव्यात २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सर्वोत्तम महिला क्रीडापटूचा मान दोघींना विभागून मिळाला, आणि त्या दोघीही जिम्नॅस्ट होत्या. संयुक्ता काळे रिदमिक प्रकारात (संगीताच्या तालावर चेंडू, रिबन यांसह कसरती) महाराष्ट्राकडून उतरली होती, तर प्रणती नायक आर्टिस्टिक प्रकारात (बार, बीम, व्हॉल्ट अशा साधनांवरील कसरती) ओडिशाकडून. फुटबॉलवर पोसलेल्या आपल्या राज्यात हा खेळ अजून थोड्याच घरांत पोहोचला आहे. तरीही आपल्या मुलीला किंवा मुलाला या वाटेवर घालावे का, घातले तर पुढे नेमके काय करावे, असे विचारणारे पालक पेडण्यापासून काणकोणपर्यंत भेटतात. पुढील विवेचन अशा पालकांसाठी, शाळांतील क्रीडाशिक्षकांसाठी आणि मोजक्या साधनांवर केंद्र चालवणाऱ्या प्रशिक्षकांसाठी आहे.

मोठ्या देशांची निवडपद्धत मुख्यतः गाळण्यावर उभी राहिली आहे. हजारो मुले तपासायची, त्यांतली शेकडो घ्यायची आणि दहा वर्षांनी दोन-चार उरली तरी काम झाले असे मानायचे. २०११च्या जनगणनेत १४ लाख ५८ हजार लोकसंख्या नोंदवलेल्या राज्याला हा व्यवहार परवडणारा नाही. एका वर्षी एखाद्या तालुक्यात या खेळाकडे वळणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि त्यांतली निम्मी पहिल्याच चाचणीत घरी पाठवली, तर पुढच्या वर्षी बोलवायला कोणी उरत नाही. त्यामुळे गोव्यापुरते तरी निवड हा एका सकाळचा निकाल न मानता दोन-तीन वर्षे चालणारे निरीक्षण मानावे, आणि या काळात कोणत्याही मुलासाठी दार पूर्णपणे बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली सुचवलेली प्रत्येक पद्धत याच भूमिकेतून आली आहे.

वय उलटे मोजावे

पालकांची घाई बहुधा वयाच्या चुकीच्या हिशेबातून येते. नादिया कोमानेची हिने १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये १४व्या वर्षी पूर्ण १० गुण मिळवले, आणि हा खेळ लहान मुलींचाच आहे ही समजूत तेव्हापासून पक्की झाली. आजचा नियम निराळा आहे. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ गटात उतरण्यासाठी मुलीने त्या कॅलेंडर वर्षात १६ आणि मुलाने १८ वर्षे पूर्ण करणे आवश्यक असते. म्हणजे २०१८ मध्ये जन्मलेली मुलगी २०३४ साली वरिष्ठ गटासाठी पात्र ठरेल आणि त्याच वर्षी जन्मलेला मुलगा २०३६ साली. त्याआधी ज्युनिअर गट असतो आणि २०१९ मध्ये हंगेरीतील ग्यॉर येथे पहिल्यांदा भरलेली ज्युनिअर जागतिक स्पर्धाही आता आहे. परंतु सात वर्षांच्या मुलाकडे घाई करण्याजोगे काही नाही, उलट भरपूर वर्षे आहेत. उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोवितिना हिने १९९२ ते २०२१ या काळात आठ ऑलिंपिक स्पर्धा खेळल्या, अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने २०२४च्या ऑलिंपिकमध्ये २७व्या वर्षी सर्व साधनांवरील एकत्रित गुणांचे विजेतेपद मिळवले आणि आपल्या दीपा कर्माकरने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले तेव्हा ती ३० वर्षांची होती.

तरीही पाच ते आठ या वयात सुरुवात करण्याला कारण आहे. शरीर उलटे असताना, हवेत असताना किंवा फिरत असताना स्वतःचे भान ठेवण्याची क्षमता या वयात सहज रुजते, आणि सांध्यांची लवचिकता टिकवणे हे ती नंतर मिळवण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. मुलग्यांची सुरुवात एक-दोन वर्षे उशिरा झाली तरी फारसे बिघडत नाही, कारण रिंग्ज (टांगलेली कडी), पॉमेल हॉर्स (मुठी असलेला घोडा) आणि हॉरिझॉन्टल बार (उंच आडवी दांडी) या मुलग्यांच्या साधनांना लागणारी ताकद त्यांच्यात पौगंडावस्थेनंतरच येते. नऊ-दहा वर्षांचे मूल आधी मल्लखांब, नृत्य, योगासने किंवा पोहणे करत असेल, तर त्याला वय झाले म्हणून परत पाठवणे मला कधीच पटले नाही. विशेषतः मल्लखांबावर दोन वर्षे घालवलेले मूल पकड, पोटाची ताकद आणि उंचीवरची निर्भयता घेऊन येते, आणि या तीन गोष्टी शिकवायला एरवी बराच काळ लागतो.

चाचणी कशी घ्यावी

बहुतेक ठिकाणी चाचणी म्हणजे उंची-वजन, स्प्लिट (पाय पूर्ण फाकवून बसणे), पूल (मागे वाकून हातापायांवर केलेली कमान) आणि उभ्याने लांब उडी एवढेच असते. ती मोजमापे घ्यावीत, पण त्यांना मर्यादित वजन द्यावे. उभ्याने लांब उडी आणि २० मीटर धाव यांतून पायांचा स्फोटक जोर कळतो, आणि व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) व फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) यांसाठी तो महत्त्वाचा असतो. बारला लोंबकळून राहणे, वॉल बारवर (भिंतीला लावलेल्या आडव्या दांड्यांवर) पाय वर उचलणे आणि वयानुसार दोरावर चढणे यांतून अंगाच्या वजनाच्या मानाने ताकद किती आहे ते दिसते. खांदे कानांच्या मागे किती जातात, पाय पुढे आणि बाजूला किती उघडतात, हेही नोंदवावे. मात्र लवचिकता अतिशय जास्त असेल तर ती गुण न मानता सावधगिरीची सूचना मानावी, कारण सैल सांध्यांना आधार देणारी ताकद नसेल तर असे मूल पुढे वारंवार दुखावते.

यापेक्षा मोलाची आहे ती शिकण्याची चाचणी. मुलांना त्यांनी कधी न केलेली छोटी हालचालमालिका दाखवावी. उदाहरणार्थ तीन पावले, दोन्ही पायांवर उडी, हवेत अर्धे वळण आणि न हलता उतरणे. ती किती वेळा दाखवावी लागते, एक सूचना दिल्यावर पुढच्याच प्रयत्नात बदल होतो का, चूक झाल्यावर मूल स्वतःहून पुन्हा उभे राहते का आणि आठवड्याने त्यातले किती शिल्लक राहते, हे लिहून ठेवावे. असे प्रसंग सहा ते आठ आठवड्यांत चार-पाच वेळा घ्यावेत. पहिल्या दिवशी सर्वांत चमकलेले मूल बहुधा आधीच कुठेतरी वर्ग करून आलेले असते, आणि चौथ्या वेळी सर्वांत पुढे गेलेले मूल वेगळेच निघते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. दाराशी उभ्या असलेल्या पालकांकडे मूल किती वेळा वळून पाहते, हीदेखील नोंद घेण्याजोगी बाब आहे. त्यावरून मुलाविषयी कमी आणि घराविषयी जास्त कळते.

वाढीचा अंदाज घेण्यासाठी आई-वडिलांची उंची विचारण्याची पद्धत आहे. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलीसाठी तीतून १३ सेंटिमीटर वजा करावेत, मुलासाठी तेवढेच मिळवावेत आणि येणाऱ्या संख्येला दोनने भागावे; प्रौढपणीची उंची साधारण त्याच्या आसपास येते, अर्थात सात-आठ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. आर्टिस्टिक प्रकारात ठेंगण्या, आटोपशीर बांध्याला भौतिक फायदा असतो, कारण लहान शरीर हवेत लवकर फिरते. परंतु हा आकडा मूल नाकारण्यासाठी वापरू नये, दिशा ठरवण्यासाठी वापरावा. उंच होण्याची शक्यता असलेल्या मुलीला रिदमिक प्रकारात लांब हातापायांचा उपयोगच होतो, आणि ट्रॅम्पोलिन, अॅक्रोबॅटिक व एरोबिक हे प्रकारही आहेत.

शरीररचनेवरून घाईने निकाल देणाऱ्यांनी दीपा कर्माकरचे उदाहरण लक्षात ठेवावे. आगरतळ्याची ही मुलगी सहाव्या वर्षी खेळाकडे आली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते, आणि धावून, उडी मारून उतरण्याच्या या खेळात ही मोठी उणीव मानली जाते. बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली तिने ती भरून काढली, २०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवले आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह चौथे स्थान घेतले. कठोर गाळणीच्या पद्धतीत ती पहिल्याच दिवशी बाहेर पडली असती.

पहिली चार वर्षे

सहाव्या-सातव्या वर्षी आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येकी तास-सव्वा तास पुरेसा आहे. आठव्या-नवव्या वर्षी आठ ते बारा तास आणि अकराव्या-बाराव्या वर्षी, मूल खरोखर या मार्गावर असेल तर, सोळा ते वीस तास असा चढ ठेवावा. उच्च स्तरावर अनेक देशांत आठवड्याला २५ ते ३० तासांचा सराव चालतो, पण तो आकडा पाहून आठ वर्षांच्या मुलाचे वेळापत्रक आखणे म्हणजे वर्षानुवर्षांची वाढ एका हंगामात मागणे होय. आठवड्यातला किमान एक दिवस सराव नसावा. चतुर्थीची सुट्टीही मुलांना मोकळेपणाने घेऊ द्यावी. आरती-भजनात गेलेल्या आठवड्याने कोणाचे हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे) बिघडत नाही.

या वर्षांत काय शिकवावे, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही. शरीराचे काही मूलभूत आकार, म्हणजे पाठीवर झोपून पोट आत घेतलेला होलो, पालथे झोपून उचललेला आर्च, आखडलेला टक, पाय सरळ ठेवून दुमडलेला पाइक आणि पाय फाकवलेला स्ट्रॅडल, हे प्रथम जमिनीवर घट्ट व्हावेत. नंतर पुढची व मागची कोलांटी, भिंतीच्या आधाराचे आणि मग मोकळे हँडस्टँड, कार्टव्हील (हात टेकून बाजूला घेतलेली चाकासारखी कोलांटी), राऊंड-ऑफ (तीच, पण दोन्ही पाय जुळवून उतरण्याची) आणि बारवरचा किप (लोंबकळत्या अवस्थेतून झोक्याने बारवर चढणे). या सर्वांच्या मुळाशी हँडस्टँड आहे. बारवर, बीमवर (तोल सांभाळण्याची अरुंद पट्टी), व्हॉल्टच्या टेबलावर आणि पॅरलल बारवर शरीर सतत त्या रेषेतून जाते, आणि ती रेषा कमरेत वाकलेली असेल तर पुढे शिकवलेली प्रत्येक गोष्ट वाकडीच बसते. सरावाच्या प्रत्येक दिवशी दहा मिनिटे केवळ हँडस्टँडसाठी राखून ठेवावीत. पालकांना ती कंटाळवाणी वाटतात, मुलांना त्यामानाने कमी.

उतरणे शिकवण्याकडे आपल्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होते. गुडघे किंचित वाकवून, दोन्ही तळव्यांवर एकदम, छाती वर ठेवून स्थिर उतरणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते आधी फुटभर उंचीवरून, नंतर हळूहळू वाढवत शेकडो वेळा करून घ्यावे लागते. पडणेही शिकवावे: हात मागे टेकून न पडता अंग गोल करून लोळावे, ही सवय मनगट आणि कोपर वाचवते.

मूलभूत बाबींवर इतका भर देण्याचे कारण गुणपद्धतीत आहे. २००६ पासून पूर्ण १०ची जुनी पद्धत गेली. आता कसरतींच्या काठिण्याचा एक गुणांक आणि सादरीकरणाचा १०पासून कमी होत जाणारा दुसरा गुणांक अशी बेरीज होते. सादरीकरणात लहान चुकीला ०.१०, मध्यमला ०.३०, मोठीला ०.५० आणि पडण्याला पूर्ण १ गुण वजा होतो. रिओमध्ये दीपाचे कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकले. सुटलेली पावलांची टोके, वाकलेले गुडघे आणि उतरतानाचे एक पाऊल यांची किंमत अशी मोजली जाते, आणि या सवयी आठव्या वर्षी लागतात. पंधराव्या वर्षी त्या सुटत नाहीत. म्हणून एखादे केंद्र सात वर्षांच्या मुलांच्या मागच्या उलट्या उड्यांचे व्हिडिओ दाखवत असेल, तर प्रभावित होण्यापूर्वी त्या मुलांचे गुडघे आणि पावले पाहावीत.

साधनांच्या बाबतीत प्रारंभी फार काही लागत नाही. जमिनीवर ठेवलेला बीम, एक बार, वॉल बार, दोर, स्प्रिंगबोर्ड आणि चांगल्या मॅट एवढ्यावर चार वर्षे उत्तम काम होते. स्पर्धेचा बीम १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असतो. मूल तिथपर्यंत टप्प्याटप्प्याने चढावे. गोव्यातील हवेचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने बारच्या तारा, साखळ्या आणि बोल्ट गंजतात, तेव्हा ते दर महिन्याला हाताने चाचपून पाहावेत. पावसाळ्यात चॉक (पकडीसाठी हाताला लावायची पांढरी पूड) ओलावा धरते आणि पकड निसरडी होते, मॅटच्या आतला फोम कुबट होऊन बसतो, आणि जुन्या सभागृहांत गळतीने फरशी ओली राहते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत बारवरील नवीन व उंच कसरती पुढे ढकलून ताकद, लवचिकता आणि नृत्यांगाचे काम वाढवणे शहाणपणाचे ठरते.

वाढीच्या उंबरठ्यावर

मुलींची उंची साधारणतः बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलग्यांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते. जिम्नॅस्टमध्ये हा टप्पा बऱ्याचदा उशिरा येतो. बहुसंख्य होतकरू मुले याच काळात खेळ सोडतात किंवा दुखापतीने गमावली जातात, आणि निवडपद्धतीची खरी परीक्षा इथेच होते. हाडे स्नायूंच्या पुढे धावतात, काल जमणारा किप आज जमत नाही, हवेत फिरताना अंदाज चुकतो, आणि मूल आळशी झाले आहे असा निष्कर्ष काढला जातो. त्याचे शरीर नवीन मापाशी जुळवून घेत असते, एवढेच.

यावर उपाय साधा आहे, पण चिकाटी मागतो. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळच्या वेळी, अनवाणी उभे करून उंची मोजावी आणि वहीत लिहावी. सामान्यतः वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारे मूल सलग दोन-तीन महिने त्याच्या दीडपट गतीने वाढताना दिसले, की व्हॉल्टच्या उड्या, कठीण जमिनीवरची उतरणे आणि कंबर मागे खूप वाकवणाऱ्या कसरती यांची संख्या निम्म्यावर आणावी. तो वेळ ताकद, हँडस्टँड, नृत्यांग आणि मऊ पृष्ठभागावरील सरावाकडे वळवावा. या महिन्यांत कोणालाही संघातून वगळू नये आणि कोणालाही अंतिम म्हणून निवडूही नये, असा नियमच केंद्राने करावा. लवकर वयात आलेली मुलगी या काळात मागे पडलेली दिसते आणि उशिरा वयात येणारी पुढे. दोन वर्षांनी चित्र बदलू शकते.

काही दुखण्यांकडे डोळेझाक करता कामा नये. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस, हातांवर भार दिल्यावर होणारी वेदना ही हाडाच्या वाढपट्टीवर (हाड जिथून वाढते त्या भागावर) आलेल्या ताणाची खूण असू शकते. मागे वाकताना कमरेत, बहुधा एका बाजूला, होणारी आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी वेदना कण्याच्या हाडातील ताणभंगामुळे (वारंवारच्या ताणाने पडलेल्या बारीक चिरेमुळे) असू शकते. टाचेच्या मागे आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखणे वाढीच्या वयात सामान्य असले, तरी तेही विश्रांतीचा इशारा देते. बाम लावून, पट्टी बांधून सराव चालू ठेवण्याची सवय आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. वाढत्या हाडांच्या बाबतीत ती घातक आहे. अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाताना मूल जिम्नॅस्टिक्स करते आणि आठवड्याला किती तास करते, हे आधी सांगावे, कारण साध्या क्ष-किरण चित्रात अशा इजा सुरुवातीला दिसत नाहीत.

भीतीचाही विचार याच वयात करावा लागतो. वर्षभर सहज केलेली मागची उडी मुलाला एके दिवशी करवत नाही, पाय जागेवरून हलत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेतील दिशाभान हरवल्यामुळे सिमोन बाइल्सने बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली, हे आठवले तर रागावण्याची इच्छा कमी होईल. दोन पायऱ्या मागे जावे, मऊ मॅट आणि प्रशिक्षकाचा हात परत आणावा, आणि मुलाला स्वतःच्या वेगाने पुढे येऊ द्यावे.

ताट आणि वजन

सहा-सात तासांची शाळा आणि संध्याकाळचा सराव पेलणाऱ्या मुलाला भूक लागलीच पाहिजे, आणि ती भागलीच पाहिजे. आपल्याकडचे साधे जेवण यासाठी पुरेसे समर्थ आहे: उकड्या तांदळाची पेज किंवा भात, तारले-बांगडे, अंडी, अळसांद्यांची उसळ, नाचणीचे आंबील किंवा भाकरी, दही, केळी. शाकाहारी घरांत कडधान्ये आणि दूधदुभते यांचे प्रमाण जाणीवपूर्वक वाढवावे. सराव आणि जेवण यांत फार अंतर पडू नये. मडगावहून पणजीला सरावासाठी बसने येणाऱ्या मुलाच्या डब्यात परतीच्या प्रवासासाठी काहीतरी असावे.

प्रशिक्षकाने मुलांना सर्वांसमोर वजनकाट्यावर उभे करणे, जाडीवरून टोमणे मारणे किंवा जेवण तोडायला सांगणे हे मी केंद्र सोडण्याचे पुरेसे कारण मानतो. अपुऱ्या आहाराने हाडे कमकुवत होतात, पाळी लांबते किंवा बंद होते, दुखापती भरून येत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याविषयी सविस्तर इशारे दिले आहेत. जिम्नॅस्ट मुलींना पाळी काहीशी उशिरा येते हे खरे, परंतु पंधरा वर्षे पूर्ण होऊनही ती आली नाही, किंवा येऊन सलग तीन महिने थांबली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. पावडरी, चूर्णे आणि सप्लिमेंट यांच्यापासून मुलांना दूर ठेवावे. दीपा कर्माकरसारख्या अनुभवी खेळाडूच्या नमुन्यात हायजेनामाइन हे प्रतिबंधित द्रव्य आढळले आणि ते नकळत पोटात गेल्याचे तिने सांगूनही २१ महिन्यांची बंदी भोगावी लागली.

सरावगृहातील वागणूक

या खेळात प्रशिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावावाच लागतो आणि मूल त्याच्यावर पूर्णपणे विसंबून असते. त्यामुळे नियम आधीच ठरलेले हवेत. अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचारांच्या आडून शेकडो मुलींचे लैंगिक शोषण केले आणि २०१८ मध्ये त्याला शिक्षा झाली, तोवर अनेक वर्षे तक्रारी दाबल्या गेल्या होत्या. आपण त्यातून शिकायचे ते असे. सराव चालू असताना सभागृहात नेहमी दोन प्रौढ असावेत. कोणत्या कसरतीला कुठे आधार दिला जातो, हे पालकांना आणि मुलांना आधी दाखवावे. मालिश आणि फिजिओथेरपी पालकांच्या उपस्थितीतच व्हावी. स्पर्धेच्या प्रवासात मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असावी आणि कोणत्याही मुलाने प्रशिक्षकाच्या खोलीत एकट्याने जाऊ नये. पालकांना सराव पाहण्यास कायमची बंदी असलेल्या केंद्रात मूल घालू नये. काही घडल्यास बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२चा पोक्सो कायदा लागू होतो आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक उपलब्ध आहे. ‘थोडा मार बसल्याशिवाय शिस्त लागत नाही’ असे म्हणणारे घरातले वडीलधारेही असतात, तेव्हा हा नियम केवळ प्रशिक्षकांसाठी नाही.

स्पर्धा, शाळा आणि राज्याबाहेरची वाट

पहिली दोन वर्षे स्पर्धा नसली तरी चालते. नंतर केंद्रांतर्गत प्रात्यक्षिके, शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, राज्य संघटनेच्या निवड चाचण्या, राष्ट्रीय स्पर्धा आणि खेलो इंडिया असा क्रम असतो. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूंसाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आणि आठ वर्षांपर्यंत साहाय्याची तरतूद जाहीर झालेली आहे, तेव्हा त्या निवडीच्या स्पर्धांवर लक्ष ठेवावे. स्पर्धेचे शुल्क भरण्यापूर्वी ती स्पर्धा राज्य संघटना, क्रीडा व युवा व्यवहार संचालनालय किंवा राष्ट्रीय महासंघ यांपैकी कोणाच्या मान्यतेने होत आहे, हे लेखी विचारावे. चकचकीत नावाच्या खासगी स्पर्धांची प्रमाणपत्रे पुढे कामाला येत नाहीत. जन्मदाखल्याची मूळ प्रत आणि शाळेच्या नोंदीतील जन्मतारीख जुळते का, हे आजच पाहून घ्यावे.

गोव्यात दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी खेळणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे आणि गुण मिळाल्यावर बॅग माळ्यावर जाते. क्रीडागुणांना माझा विरोध नाही. मात्र ज्याला उच्च स्तरावर जायचे आहे, त्याच्या घरी दहावीच्या वर्षाचे नियोजन नववीतच झाले पाहिजे: सराव किती तासांवर आणायचा, कोणत्या स्पर्धा सोडायच्या, शाळेकडून हजेरीची सवलत कशी मागायची. वर्षभर सराव बंद ठेवून परत येणे या खेळात जवळपास अशक्य असते, पण आठवड्याला आठ तास टिकवले तर शरीर तग धरते.

राज्य लहान असल्याने मुलाला बरोबरीचे प्रतिस्पर्धी दिसत नाहीत, ही गोव्याची खरी अडचण आहे. तीन जणांत पहिले येणाऱ्या मुलाला आपण कुठे आहोत ते समजत नाही. वर्षातून दोनदा तरी पुणे, ठाणे, मुंबईकडील केंद्रांत आठ-दहा दिवसांचा सराव किंवा एखादी खुली स्पर्धा जोडावी. कायमचे स्थलांतर मात्र बारा-तेरा वर्षांपूर्वी करू नये, आणि केले तर तिथे मूल कोणाच्या घरी राहणार, शाळा कोणती, दुखापत झाल्यास खर्च कोण उचलणार, हे तिन्ही प्रश्न आधी सुटलेले असावेत. इथला प्रशिक्षक नाराज होईल या भीतीने काही पालक गुपचूप मूल हलवतात. त्यापेक्षा त्यालाच सोबत घेऊन नवीन केंद्र पाहायला जावे; मुलाच्या सवयी, जुनी दुखणी आणि भीती त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नसते.

ज्यांना थांबायचे आहे

आठ-दहा वर्षांनी बहुतेक मुले उच्च स्तरावर पोहोचणार नाहीत, आणि ही गोष्ट मुलाला प्रशिक्षकाने स्वतः, पालकांसमोर, एकांतात सांगावी. फळ्यावर लावलेल्या यादीतून ती कळू नये. सांगताना कोणता दुसरा मार्ग खुला आहे तेही सांगावे. व्हॉल्टवर जोरदार पण बारवर कमकुवत असलेली मुलगी ट्रॅम्पोलिन, डायव्हिंग किंवा पोल व्हॉल्टमध्ये चमकू शकते, आणि मल्लखांब तर राष्ट्रीय स्पर्धांत आता मान्य प्रकार आहे. सोळा-सतरा वर्षांच्या ज्या मुलीला गुणपद्धतीत रस आहे, तिने पंचपरीक्षेची तयारी करावी. स्वतः बीमवर उभी राहिलेली पंच आणि प्रशिक्षक मंडळी आपल्याकडे फारच थोडी आहेत.

सराव एकाएकी तोडू नये. वीस तासांवरून शून्यावर आलेल्या शरीराचे वजन झपाट्याने वाढते, जुनी दुखणी वर येतात आणि संध्याकाळचे तीन तास अचानक रिकामे होतात. चार-सहा महिन्यांत तास हळूहळू कमी करत न्यावेत, आठवड्यातून दोन दिवस सरावगृहात येण्याची मुभा ठेवावी आणि लहान मुलांच्या वर्गात मदतीला उभे राहण्याचे काम द्यावे. पुढच्या तुकडीच्या शिकण्याच्या चाचणीत वही घेऊन नोंदी करण्यासाठी अशा मुलांइतके योग्य कोणी नसते.